उपवासकाळात आनंदाला जागा आहे का?

वसई परिसरातील एका भगिनीने पत्र लिहून विचारले आहे की, राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, घरात मांसाहार बंद होतो, दर शुक्रवारी सगळे क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला जातात, त्या स्वतः चहाही सोडतात. तरीही तिसरा आठवडा उजाडेपर्यंत मन कोमेजते, मुलांवर चिडचिड होते आणि ईस्टर कधी एकदा येतो असे होऊन जाते. गेल्या वर्षी त्यांचे वडील वारले, त्यामुळे ‘कृतज्ञ राहा, आनंदी राहा’ हे प्रवचनातले शब्द त्यांना बोचतात. त्यातच धाकट्या मुलाचा वाढदिवस १९ मार्चला येतो आणि ‘दुःखसहनाच्या दिवसांत वाढदिवस कसला करायचा’ असे सासूबाईंचे म्हणणे आहे. उपवासकाळात आनंदाला खरोखर जागा आहे का, आणि असली तर ती नेमकी कुठे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मराठी धर्मग्रामांतून (पॅरिशमधून) उपवासकाळातील तपसाधना घेताना हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत अनेकदा ऐकायला मिळाला आहे आणि तो विचारणारी माणसे बहुधा सर्वांत मनापासून उपवास करणारी असतात. म्हणून आधी स्पष्ट उत्तर देते: जागा आहे, आणि ती आपण नव्याने निर्माण करायची नसून पवित्र सभेच्या उपासनेत ती पहिल्या दिवसापासूनच ठेवलेली आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेण्याआधी आपण जे शुभवर्तमान ऐकतो ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातले आहे. उपास करणाऱ्यांनी म्लानमुख होऊ नये, डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे आणि आपला उपास माणसांना नव्हे तर गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याला दिसू द्यावा, असे येशू तेथे सांगतो. त्याच दिवशीच्या प्रतिसाद स्तोत्रात, म्हणजे एक्कावन्नाव्या स्तोत्रात, पश्चात्तापाने मोडून पडलेला माणूस क्षमा मागता मागता तारणाचा हर्षही परत मागतो. पापाची कबुली आणि आनंदाची मागणी एकाच प्रार्थनेत, एकाच श्वासात केलेली आहे.

मग उपवासकाळ म्हटला की आपल्या घरांत उतरलेले चेहरे का दिसतात? माझ्या मते याचे मोठे कारण असे की, आपण या संपूर्ण काळाला येशूच्या मरणाचे लांबवलेले सुतक समजून बसलो आहोत. इतिहास तसे सांगत नाही. चाळीस दिवसांच्या या काळाचा उल्लेख इ. स. ३२५ च्या निकिया धर्मपरिषदेच्या नियमांत सापडतो आणि सुरुवातीच्या शतकांत हा काळ प्रामुख्याने दोन प्रकारच्या माणसांचा होता: ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणारे दीक्षार्थी, आणि गंभीर पापानंतर पुन्हा मंडळीत घेतले जाणारे पश्चात्तापी. एकाला नवा जन्म मिळायचा होता, दुसऱ्याला घरी परतायचे होते. दोघेही कष्ट करीत होते, उपास करीत होते, पण दोघांचेही डोळे त्या रात्रीकडे लागलेले होते. काळाच्या ओघात बाप्तिस्म्याची ही बाजू मागे पडली आणि केवळ शोकाची बाजू वर आली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या आज्ञापत्रात बाप्तिस्म्याचे स्मरण आणि प्रायश्चित्त ही उपवासकाळाची दोन अंगे असल्याचे सांगून पहिल्या अंगाला पुन्हा उजाळा देण्यास सांगितले. ईस्टरच्या रात्री मेणबत्त्या हातात घेऊन आपण बाप्तिस्म्याची वचने नव्याने देतो, ती या तयारीची परिणती असते. स्वतःचा बाप्तिस्मा कोणत्या तारखेला झाला हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी या काळात ती तारीख धर्मग्रामाच्या नोंदवहीतून शोधून काढावी असे मी नेहमी सुचवते, कारण ज्या देणगीची आपण आठवणही ठेवत नाही तिच्याबद्दल आभार मानणार तरी कसे?

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचा एकोणपन्नासावा अध्याय केवळ उपवासकाळावर आहे आणि तो इतका लहान आहे की पाच मिनिटांत वाचून होतो. अन्न, पेय, झोप, बडबड आणि थट्टामस्करी यांतून प्रत्येकाने थोडे थोडे कमी करावे, असे ते सांगतात. पण त्याच अध्यायात आनंद दोनदा येतो: जे काही अर्पण करायचे ते पवित्र आत्म्याच्या आनंदाने करावे, आणि आध्यात्मिक ओढीच्या आनंदाने पवित्र ईस्टरची वाट पाहावी. थट्टामस्करी कमी करायला सांगणारा माणूस आनंदाचा आग्रह धरतो, यावरून ध्यानात येईल की आपण येथे ज्या आनंदाविषयी बोलत आहोत तो करमणुकीचा किंवा उसन्या हास्याचा नाही. मन एका दिशेला लागले की त्या दिशेने पडणाऱ्या पावलांत जे बळ येते, ते या आनंदाचे स्वरूप आहे. बेनेडिक्ट यांची आणखी एक सूचना फार शहाणपणाची आहे: प्रत्येकाने काय सोडायचे ते आपल्या मठाधिपतीला सांगून त्यांच्या संमतीने ठरवावे, नाहीतर तो स्वतःचा अहंकार ठरतो. तुम्ही चहा सोडताना हे कोणाशी बोलला होता का? सकाळी पाचपासून राबणाऱ्या, वडिलांच्या दुःखातून अजून न सावरलेल्या बाईने या वर्षी चहा सोडू नये, दुसरे काहीतरी निवडावे, असे एखाद्या समंजस धर्मगुरूने कदाचित सांगितले असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. उपवासकाळातील मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, अर्पणानंतर धर्मगुरू जी स्तुतीची प्रार्थना म्हणतात तिचे काही पर्याय आहेत. त्यांपैकी पहिल्यात, शुद्ध झालेल्या मनांच्या आनंदाने दरवर्षी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाची वाट पाहण्याची कृपा देवच देतो असे म्हटले आहे. तिसऱ्या पर्यायात याहून खोल विचार आहे. आमच्या संयमाने तुझे आभार मानले जावेत, आमचा गर्व उतरावा आणि गरिबांच्या मुखी घास पडावा, अशी तुझी इच्छा आहे, असे तेथे देवाला म्हटले जाते. यात क्रम पाहा. संयमाचे पहिले काम स्वतःला शिक्षा करणे हे सांगितलेले नाही, इच्छाशक्ती बळकट करणे हेही नाही. पहिले काम आहे आभार मानणे. एखादी चांगली वस्तू मी काही दिवस हातावेगळी ठेवते, कारण ती माझ्या हक्काची नव्हती, ती मला दिली गेली होती, हे मला पुन्हा शिकायचे असते. ज्या गोष्टीचा तिटकारा आहे ती सोडण्यात त्याग नाही, आणि जी गोष्ट सोडताना तिच्याविषयी कृतज्ञता नाही ती सोडल्यावर मागे फक्त पोकळी उरते. तुमची चिडचिड त्या पोकळीतून येते, असे मला वाटते. चहा गेला, पण त्याच्या जागी काहीही आले नाही.

म्हणून सोडायचे जे काही असेल त्याला दोन गोष्टी जोडून घ्या. पहिली, सोडलेल्या वस्तूची वेळ रिकामी ठेवू नका. दुपारी चारला चहा होत असेल तर चारला दहा मिनिटे बसा आणि त्या दिवशी मिळालेल्या एका गोष्टीचे नाव घेऊन देवाचे आभार माना; गोष्ट नावानिशी असावी, ‘सर्व काही’ असे मोघम नसावे. दुसरी, वाचलेले पैसे किंवा वस्तू त्याच दिवशी बाजूला काढून ठेवा आणि त्या कोणाला जाणार हे आधी ठरवा. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० च्या सुमारास दर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळे काढण्याची प्रथा सुरू केली आणि ती आजही वर्षभर पाळली जाते. त्यातून तेथील मंडळ्यांचे मोठे कार्य उभे राहिले. चुलीजवळच घडणारे दान असे रोजचे आणि हाताला जाणवणारे असते, वर्षाअखेरीस लिहिलेल्या धनादेशात ते तसे जाणवत नाही. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे संत पौलाचे वचन आपण देणगीच्या संदर्भात नेहमी ऐकतो, पण ते उपासालाही तितकेच लागू पडते.

येथे मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या ख्रिस्ती घरांनाही लागू पडू लागली आहे. मासळी नियमात बसते म्हणून शुक्रवारी कोंबडीच्या जागी महागडे पापलेट किंवा सुरमई येते. त्यात नियमभंग नाही, पण गरिबाच्या वाट्याला काहीच येत नाही आणि आपली जीभही काही शिकत नाही. त्यापेक्षा साधा डाळभात आनंदाने जेवणारे घर उपवासकाळाच्या अधिक जवळ आहे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाने आपल्याला आवडणारा उपास सांगितला आहे: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे, उघड्याला वस्त्र देणे. आणि लगेच पुढे वचन दिले आहे की, असे केलेस तर तुझा प्रकाश पहाटेसारखा फुटेल. तेथे उपास आणि उजेड यांच्यामध्ये दुसऱ्याचे पोट आहे. ते वगळून कोणी कितीही दिवस उपाशी राहिले तरी मन हलके होत नाही, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

रविवारांबद्दलही सांगायला हवे, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसते. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. त्यांतले सहा रविवार वगळले की ४० उरतात. रविवार हा उपवासकाळातही पुनरुत्थानाचाच दिवस असल्याने तो उपासाचा दिवस मानलेला नाही. स्वेच्छेने सोडलेली गोष्ट रविवारी घ्यावी की नाही, याविषयी लोकांचे मत वेगवेगळे आहे आणि चर्चचा तसा काही हुकूम नाही. माझे मत घ्यावी असे आहे. सहा दिवस न घेतलेला चहा सातव्या दिवशी घरच्यांबरोबर बसून, प्रार्थना करून घेतला तर त्या एका कपाने जितके आभार मानले जातात तितके एरवीच्या शंभर कपांनी मानले जात नाहीत.

चौथा रविवार तर नावानेच आनंदाचा रविवार आहे. त्या दिवशीचे प्रवेशगीत यशयाच्या शेवटच्या अध्यायातून घेतलेले आहे आणि यरुशलेमवर प्रीती करणाऱ्या सर्वांना ते आनंद करायला बोलावते. जांभळ्या वस्त्रांऐवजी गुलाबी वस्त्रे वापरण्याची त्या दिवशी मुभा असते, एरवी रिकामी ठेवलेली वेदी फुलांनी सजवता येते. याच रविवारी पोप सोन्याच्या गुलाबाला आशीर्वाद देत आणि तो एखाद्या मंदिराला किंवा व्यक्तीला सन्मान म्हणून पाठवत, अशी जुनी परंपरा आहे. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली असा सुवर्णगुलाब गोव्याला दिला. पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्यांच्या बिझंटाइन परंपरेत तर आपल्याला नवल वाटेल अशी रीत आहे. आपण लॅटिन विधीतील लोक उपवासकाळात ‘आलेलूया’ हा स्तुतीचा घोष म्हणणे थांबवतो, आणि ते मात्र उपवासकाळातील साध्या दिवसांच्या प्रातःप्रार्थनेत तो मुद्दाम गातात. तिकडच्या तपस्वी लेखकांनी या काळातील मनःस्थितीला आनंद देणारा शोक म्हटले आहे. मौन आणि आलेलूया या दोन्ही वाटा एकाच रात्रीकडे जातात.

तुमच्या वडिलांविषयी आता लिहिते, आणि ते घाईने लिहिणार नाही. ‘कृतज्ञ राहा’ हे वाक्य शोकात असलेल्या माणसाला बोचते, कारण त्यातून ‘रडू नका’ असे ऐकू येते. बायबल तसे कधीच म्हणत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत आणि त्यांतली कित्येक तक्रारीपासून सुरू होतात. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजरच्या मरणाची कथा आहे, जी तीन वर्षांच्या वाचनक्रमातील ‘अ’ चक्रात उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी वाचली जाते. येशू मित्राच्या कबरीकडे जाताना रडतो, लोक ते पाहतात आणि म्हणतात की याची त्याच्यावर किती प्रीती होती. त्यानंतर अवघ्या काही ओळींत, कबरीच्या तोंडावरची धोंड सरकवल्यावर, तो वर पाहून म्हणतो की, पित्या, तू माझे ऐकलेस म्हणून मी तुझे आभार मानतो. लाजर अजून बाहेर आलेला नाही. गालांवरची आसवे पुरती वाळली नसतील तोच आभाराचे शब्द आले आहेत, आणि आभार मानायचे म्हणून त्याने आधीचे रडणे आवरले नव्हते. तुम्हीही आवरू नका.

शोकातील कृतज्ञता बहुतेक वेळा माणसाच्या नावानेच सुरू होते. वडिलांनी तुम्हांला काय दिले, हे या चाळीस दिवसांत रोज एक ओळ लिहून पाहा. मोठ्या गोष्टी लवकर संपतील. मग त्यांची खोकण्याची लकब, बाजारातून आणलेली एखादी वस्तू, त्यांनी शिकवलेली एखादी प्रार्थना, अशा बारीक गोष्टी येऊ लागतील आणि त्यांतच खरे धन असते. एखाद्या दिवशी त्यांच्याविषयीचा राग किंवा न बोललेली गोष्ट आठवली तर तीही लिहा. तीसुद्धा प्रार्थनेत येऊ शकते. आणि ज्या दिवशी काहीच लिहिता येणार नाही त्या दिवशी हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय उघडा. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतूनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, अशी एकामागून एक हानी मोजून झाल्यावर तो म्हणतो की, तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. त्याने एकही नुकसान झाकलेले नाही, आणि म्हणूनच त्याच्या ‘तरीही’वर विश्वास ठेवावासा वाटतो.

रोजच्या आत्मपरीक्षणातही हाच क्रम पाळावा. संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत. त्यांतली पहिली पापे आठवण्याची नसून मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. पाप ओळखण्यासाठी प्रकाश मागणे ही दुसरी, आणि दिवसाचा हिशेब तिसरी. आपण मात्र झोपण्यापूर्वी थेट हिशेबाला बसतो आणि स्वतःवर रागावून झोपतो. आधी देणगी दिसली की पाप म्हणजे त्या देणगीचा अव्हेर हे आपोआप कळते, आणि मग पश्चात्तापात कडवटपणा राहत नाही. पापनिवेदनाला जातानाही हीच तयारी करून जा. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप घरी परतलेल्या मुलाचे पाठ केलेले भाषण पुरते ऐकूनही घेत नाही, मेजवानीची आज्ञा देतो. आणि घरीच राहिलेला, राबणारा थोरला भाऊ मात्र अंगणात रुसून बसतो. उपवासकाळ नेटाने पाळणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या थोरल्या भावाचाच धोका अधिक असतो.

क्रूसाच्या वाटेवर चौदा विश्राम, म्हणजे येशूच्या क्रूसयात्रेतले प्रसंग आठवत थांबण्याचे टप्पे, असतात. पुढच्या शुक्रवारी त्यांतल्या पाचव्या आणि सहाव्या विश्रामाशी मनाने थोडे अधिक थांबा. कुरेनेचा शिमोन शेतावरून परत येत असताना त्याच्या खांद्यावर जबरदस्तीने क्रूस दिला गेला, आणि परंपरेतील वेरोनिका कोणी न सांगता गर्दीतून पुढे आली. एकाने नाइलाजाने मदत केली, दुसरीने आपखुशीने, आणि येशूने दोघांचीही मदत घेतली. वडिलांच्या आजारपणात तुमच्यासाठी शिमोन कोण झाले आणि वेरोनिका कोण, हे त्या दोन विश्रामांपाशी आठवा. शक्य असेल तर त्यांच्यापैकी एकाला उपवासकाळ संपण्यापूर्वी भेटून किंवा फोन करून तसे सांगा. मनात मानलेले आभार चांगलेच, पण ज्याचे मानले त्याच्यापर्यंत ते पोहोचले की दोन घरे उजळतात.

हे सगळे शेवटी ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या एका प्रसंगावर उभे आहे. विश्वासघाताच्या रात्री, काय होणार ते पुरते ठाऊक असताना, येशूने भाकर हातात घेतली आणि आभार मानले. जेवण आटोपल्यावर शिष्यांसह एक गीत गाऊन तो जैतूनांच्या डोंगराकडे निघाला, अशी मत्तय आणि मार्क दोघांचीही नोंद आहे. यहुदी लोकांच्या पास्का सणाच्या भोजनाच्या शेवटी गायली जाणारी ती स्तुतिस्तोत्रे असावीत असे अभ्यासक मानतात. त्यांतल्या शेवटच्या, म्हणजे एकशे अठराव्या स्तोत्राची सुरुवात आणि शेवट ‘परमेश्वराचे उपकारस्मरण करा’ अशाच आशयाचा आहे. गेथशेमाने बागेत घामाघूम होण्यापूर्वीचे ते गाणे होते. इब्री लोकांस पत्राचा लेखक म्हणतो की, समोर ठेवलेल्या आनंदासाठी त्याने क्रूस सहन केला. म्हणून येशूच्या दुःखसहनाचा मान राखायचा म्हणून आनंदाला घराबाहेर ठेवावे, हे मला पटत नाही. तो आनंद त्याच्या स्वतःच्या दुःखसहनातच होता.

राहिला वाढदिवसाचा प्रश्न. १९ मार्च हा संत जोसेफ यांचा महोत्सव आहे. उपवासकाळात एरवी न गायले जाणारे गौरवगीत त्या दिवशीच्या मिस्सामध्ये गायले जाते, आणि असा महोत्सव शुक्रवारी आला तर चर्चच्या कायद्यानुसार त्या दिवशी मांसाहार वर्ज्य करण्याचे बंधनही राहत नाही. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांच्या मनातला येशूविषयीचा आदर खरा आहे आणि त्याला धक्का लागू देऊ नका. सकाळी मुलाला घेऊन मिस्साला जा, शक्य असेल तर सासूबाईंनाही बरोबर न्या. संध्याकाळी घरापुरता केक कापा, मुलाच्या आवडीचे एक पक्वान्न करा, आणि मोठ्या मेजवानीसाठी लागले असते ते पैसे मुलाच्याच हातून, तो ज्याला ओळखतो अशा एखाद्या गरजू मुलाच्या वह्यापुस्तकांना द्या. तुमच्या वडिलांचा फोटो जवळ असेल तर त्या दिवशी जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत त्यांचेही नाव घ्या, आणि ती प्रार्थना सासूबाईंना म्हणायला सांगा.